कडब्याआडचा तलाव

आमच्या परसात तलाव होता असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "मार्तंडराव, खरं काय ते सांगा." म्हणून खरं काय ते एकदाच सांगून टाकतो. तलाव होता. त्यात पाणी होतं. आणि त्या पाण्यात माझ्या बायकोशिवाय, इंदूशिवाय, कोणी उतरू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. ती कोणी पाळली नाही, याला मी काय करू? भूगोलाचा शिक्षक आहे मी. महासागर शिकवतो. पण एक हौद सांभाळायला लागणारी अक्कल वेगळी असते, हे मला एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात कळलं.

त्याचं असं झालं, माळ्यावरची मिठाची बरणी काढताना इंदू स्टुलावरून पडली. बरणी शाबूत राहिली, गुडघा नाही राहिला. प्लास्टर निघालं तेव्हा पाय नांगराच्या रुमण्यासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चालवा यांना. छातीइतक्या पाण्यात, रोज. पावसाळ्याच्या आत गुडघा वाकला तर वाकला. नाहीतर तो आता असाच."

छातीइतकं पाणी, आणि ते नगरात, आणि ते ऐन चैत्रात! डॉक्टर मुंबईचे असावेत. नगरला पोहायचा तलाव म्हणजे लष्करी साहेबांचा, तिथे आम्हाला फाटकापाशीसुद्धा उभं करत नाहीत. इंदूचं माहेर नेवाशाचं, प्रवरेच्या काठचं. लहानपणी ती नदीत पोहलेली, पण उन्हाळ्यात तिथे नदी घोट्याएवढी. मी मनातल्या मनात ही गोष्ट सोडून दिली होती. तेवढ्यात एका दुपारी जेवताना (ती खुर्चीवर, मी पाटावर) इंदू एकाएकी रडायला लागली.

"मला खाली बसता येत नाही हो," ती म्हणाली. "रांगोळी काढता येत नाही, भाजी निवडायला बसता येत नाही, कोणी बाई आली की ती सतरंजीवर आणि मी खुर्चीवर. स्वतःच्या घरात पाहुणी झाले मी."

बायकोचं रडणं मला मुळीच सहन होत नाही, आणि इंदू तर सहसा रडणाऱ्यातली नव्हे, रडवणाऱ्यातली. मी तिथल्या तिथे शब्द दिला, "तुला परसात तलाव करून देतो." हात आंबट-वरणाने भरलेला होता, पण शब्द तो शब्द.

आता हा तलाव शिक्षकाच्या पगारात बसायला हवा होता. लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव अधूनमधून व्हायचा, तिथे गेलो. जाड, हिरवट कॅनव्हासचा, घडी होणारा एक पाण्याचा हौद तिथे पडून होता. आमच्या स्वयंपाकघराएवढा. अगदी देवाने धाडल्यासारखा! पण लिलावात वस्तू सुटी मिळत नाही, ढिगाने मिळते. त्या हौदाबरोबर गमबुटांचा एक ढीग घ्यावा लागला. घरी येऊन बघतो तर सगळे बूट डाव्या पायाचे. उजवे कुठे गेले ते विचारायला मी परत गेलो नाही. लष्करी गुपितात नाक खुपसू नये.

शेजारी नृसिंहपंत राहतात. निवृत्त ओव्हरसियर. आमचा सल्लागार होण्यासाठी त्यांनी कधी माझी परवानगी घेतली नाही. हौद पाहताच ते गच्चीवरून खाली आले. मी सांगितलं, "बागेसाठी पाणी साठवायचंय." त्यांनी बागेकडे पाहिलं. एक लिंबाचं झाड, मोरीच्या पाण्यावरचं अळू आणि सुकत चाललेली अबोली. "एवढ्याला एवढं पाणी?" म्हणाले, पण पुढे लगेच मूळ पदावर आले. "अर्धा जमिनीत, अर्धा वर ठेवा. पाण्याचा दाब, मार्तंडराव! दाबाला कमी लेखू नका. दाबाने माझा एक पूल... असो." तो पूल काय झाला ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

मी स्वतःच खणायला घेतलं. आम्ही राहतो त्या सावेडीची जमीन म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. वीतभर खणून झालं, मुरूम लागला, आणि मुरूम लागताच मला ताप आला. मग मागच्या मळ्यातले सूर्यभानतात्या मदतीला धावले. ज्यांच्या शेताचे तुकडे पाडून आमचे प्लॉट झाले, तेच हे तात्या. जमीन विकली तरी त्यांची नजर अजून सातबाऱ्यावरच होती. त्यांनी गड्याकडून खड्डा खणून दिला, विहिरीवरच्या इंजिनाचं पाणी पाटाने आणून द्यायचंही कबूल केलं. "शेजारधर्म हाय मास्तर," म्हणाले. त्यामागे काही अट असेल असं मला वाटलं नाही. मला बऱ्याच गोष्टी वाटत नाहीत.

हौद खड्ड्यात बसवला आणि इंदूला हात धरून दाखवायला आणलं. तिने काठीवर भार टाकून तो चहूकडून न्याहाळला.

"हे असलं हिरवं धूड? वर इंग्रजीत पांढऱ्या अक्षरांनी लिहिलंय काय, पिण्याचं पाणी? आणि पंतांच्या गच्चीवरून सगळं दिसतंय. मी नाही हो यात उतरणार. मेले तरी नाही."

"अगं, नेवाशाला नदीत पोहायचीस ना?"

"तेव्हा मी दहा वर्षांची होते! आता मी मास्तरांची बायको आहे. हा तलाव दिसता कामा नये, बाग दिसली पाहिजे. आणि कोणाला कळता कामा नये. शपथ घ्या माझी."

घेतली शपथ. झालं. तलाव करणं सोपं असतं हो, तो नाहीसा करणं अवघड. आणि तेही फुकटात. मी तात्यांच्या बांधावरचे दगड वाहून आणले आणि वर राहिलेल्या कॅनव्हासभोवती रचले. उरलेल्या मुरमाचा एका अंगाने पार काठापर्यंत उतार केला, कारण इंदूला शिडी चढता येणार नव्हती. आत पायऱ्यांसाठी शाळेतला मोडका बाक दगड बांधून बुडवला. इंग्रजी अक्षरं शेणाने सारवली. आणि काठावर ओळीने ते डाव्या पायाचे गमबूट मांडून त्यांत माती भरून अबोली आणि कोरफड लावली. हे बूट म्हणजे माझी स्वतःची कल्पना. इंदू म्हणाली, "अख्खी पलटण एका पायावर अंघोळीला आल्यासारखी वाटते." पण तिला आवडलं होतं, मला कळतं.

राहिला आडोसा. तो तात्यांनी सुचवला. "मास्तर, माझा औंदाचा कडबा खळ्यावं मावंना झालाय. तुमच्या हौदाभवती उभा करतो. माझी गंज बी हुईल, तुमची भिंत बी हुईल." ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या पेंढ्या आल्या, गोल उभ्या राहिल्या. पुरुषभर उंच, पिवळीधमक भिंत, शेंडे आतल्या बाजूला झुकलेले. वरून नृसिंहपंतांना कडबा दिसे, खालून रस्त्याला कडबा दिसे. आत बाग होती, बागेत तलाव होता, आणि एक पैसा खर्च नव्हता. त्या दिवशी मी इतका खूष होतो की तात्यांना दोनदा चहा पाजला.

पाटाचं पाणी आलं. त्याबरोबर बेडूकही आले. नृसिंहपंत म्हणाले, साठवलेल्या पाण्यात विहिरीत टाकतात ते लाल औषध टाका. किती टाकायचं ते त्यांनी सांगितलं होतं, पण मी शिक्षक असल्यामुळे ऐकून घ्यायची सवय नव्हती. पाणी जांभळं झालं. आधी आपण उतरून बघावं म्हणून मी गुडघ्यापर्यंत उतरलो आणि बराच वेळ उभा राहिलो. बाहेर आलो तर दोन्ही पाय तपकिरी. घासले, राखेने घासले, लिंबू चोळलं. दुसऱ्या दिवशी नृसिंहपंतांकडे सत्यनारायण. चपला दाराबाहेर, मी पाटावर. पंतांच्या मेव्हण्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. शेवटी पंतांनीच विचारलं, "मार्तंडराव, मेंदी लावून घेतलीत?" मी प्रसाद घेऊन निघालो. शिरा चांगला झाला होता, पण मला गोड लागला नाही.

पाणी बदललं आणि मग इंदू उतरली. ते मी कसं सांगू? मुरमाचा उतार चढून, बाकावर पाय देत, माझा हात घट्ट धरून ती खाली गेली, पाणी छातीला लागलं आणि ती किंचाळली, "आई गं, गार!" आणि हसली. किती महिन्यांनी हसली! मग माझा हात तिने झटकून टाकला. "जा आता बाहेर, खुर्ची टाकून बसा. कोणी आलं तर खोका." मी कडब्याबाहेर वर्तमानपत्र घेऊन पहाऱ्याला बसलो. आतून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज यायचा आणि त्यात तिचं गुणगुणणं. मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत असे. मला फार सुख होत असे, लाजायचं काय त्यात?

गुडघा हलायला लागला. खुर्चीवरून ती स्टुलावर आली, स्टुलावरून चौरंगावर. चौरंगावर मात्र गाडी अडली. त्याच्या खाली उतरायचं म्हटलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "आता सांध्यात काही राहिलं नाही. भीती आहे ती. त्याचं औषध माझ्याकडे नाही. पाण्यात चालत राहा."

आणि नेमकी तेव्हाच आमची भिंत कमी व्हायला लागली. एके सकाळी पूर्वेला खिंडार दिसलं. दुसऱ्या सकाळी ते मोठं झालं. तिसऱ्या दिवशी मी दबा धरून बसलो, तर सूर्यभानतात्या दोन पेंढ्या काखेत मारून निघालेले.

"तात्या! अहो, भिंत माझी!"

"भिंत तुमचीच हाय की मास्तर. कडबा माझा हाय. बैलं काय उपाशी ठिवू?"

मी खिंडारात जुनी सतरंजी टांगली, ती वाऱ्याने नेली. धोतर टांगलं, ते नृसिंहपंतांच्या गच्चीवर जाऊन पडलं, आणि पंतांनी ते परत करताना खिंडारातून आत पाहिलं. "वा! बाग केलीत की! बुटांत अबोली?" इंदूने त्या दिवसापासून पाण्यात उतरणं बंद केलं. मी विनवण्या केल्या, रागावलो. ती म्हणाली, "पंत गच्चीवर पापड वाळत घालायला येतात. त्यांच्यासमोर भिजल्या लुगड्यात फिरू मी?" पावसाळा तोंडावर आला होता. चौरंग तसाच, गुडघा तसाच.

यापुढचं मात्र माझ्या बुद्धीच्या पलीकडचं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराच्या आदल्या दिवशी दक्षिणेकडची माणसं गुरं घेऊन आमच्या बाजूने जातात. त्या दिवशी मी बाहेर आलो तर एक शेतकरी माझ्या बागेत, आणि त्याचे दोन बैल उतारावर उभे राहून माझ्या तलावातलं पाणी पीत होते. त्यातला एक मधूनच भिंतीचा घास घेत होता.

"कुनी बांधली वो ही हाळ?" त्याने विचारलं.

हाळ म्हणजे विहिरीजवळ जनावरांसाठी बांधतात तो दगडी हौद. मी उघड्या डोळ्यांनी माझ्या कामाकडे पाहिलं. भोवती दगड. चढायला मुरमाचा उतार. बाजूला कडबा. तलाव लपवायला म्हणून मी जे जे केलं होतं, त्या सगळ्याची मिळून एक नामी हाळ झाली होती, चाऱ्यासकट! प्लॉटला कुंपण नव्हतंच. आता मी त्याला काय सांगू? ही माझ्या बायकोची पाण्यात चालायची जागा आहे म्हणून? शपथ घेतलेली.

"मीच," मी म्हणालो.

तो चक्क माझ्या पाया पडला. "मुक्या जनावरांची सोय केली. लई पुन्य लागंल, मालक." मी बाहेरून संकोचलो. आतून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शाळेत इतकी वर्षं शिकवतोय, पाया कोणी पडलं नव्हतं. पण त्याने वाटेत सगळ्यांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या परसातून बैल, गाई, शेळ्या, एक घोडा असा लवाजमा पाणी पिऊन गेला. तात्या येऊन बोंबलले, "मास्तर, माझ्या कडब्यावं पुन्य कुनाचं?" नृसिंहपंत म्हणाले, "दगडावर आपलं नाव कोरून घ्या. अक्षरं मी काढून देतो." इंदू खिडकीतून बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही होतं.

कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला. एक रावसाहेब सायकलवरून आले. कोणत्या कचेरीतून ते सांगत नाही, मला अजून सावेडीतच राहायचंय.

"सार्वजनिक हाळ बांधायची परवानगी?"

"साहेब, हाळ नाही. तात्पुरता हौद आहे. कॅनव्हासचा."

रावसाहेबांनी दगड पाहिले, उतार पाहिला, काठावरची अबोली पाहिली. "तात्पुरत्या वस्तूची एवढी सजावट कोणी करतं का? पक्कं बांधकाम आहे हे." मी शेण खरवडून कॅनव्हास दाखवला, तर नेमकी अक्षरं उघडी पडली. रावसाहेबांनी ती वाचली. "पिण्याचं पाणी लिहिलंय. आणि यात गुरं?" आता यातला कोणता गुन्हा मोठा, हे त्यांनाही ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मोजायला येतो. तोवर हे इथे दिसता कामा नये."

दिसता कामा नये! हेच मी चैत्रापासून करत होतो.

रावसाहेब मोजायला आले ते पुन्हा बाजाराच्या आदल्याच दिवशी. मी हौद काढला नव्हता. काढवत नव्हता. इंदू म्हणत होती, "काढून टाका हो, मी बसेन चौरंगावर जन्मभर," आणि ती हे हसत म्हणायची म्हणून मला जास्त लागायचं. रावसाहेबांनी टेप काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. तेवढ्यात काष्टीचा गहिनीनाथ नावाचा व्यापारी म्हशी घेऊन आला, "हीच का वो ती धर्माची हाळ?" म्हणाला, आणि त्यातली सगळ्यात धिप्पाड म्हैस कोणाला काही न विचारता उतार चढून, बाकावर पाय देऊन, आत गेली. बाक मोडल्याचा आवाज आला. म्हैस नाकापर्यंत पाण्यात बसली आणि तिने डोळे मिटले.

"काढा तिला!" मी ओरडलो.

"म्हस हाय मालक," गहिनीनाथ तंबाखू मळत म्हणाला. "पानी बगितलं की बसती."

"उठती कधी?"

"ते तिचं तिला."

काठावरून पाणी सांडायला लागलं. दगड सरकले. वरून नृसिंहपंत ओरडले, "दाब, मार्तंडराव! दाब वाढतोय!" सूर्यभानतात्या उरलेल्या पेंढ्या वाचवायला धावले. गहिनीनाथने वेसण ओढली, म्हशीने मान फिरवली. मी तिला "चल, चल" म्हणालो, वर्गात म्हणतो तशा आवाजात. वर्गातही त्याचा उपयोग होत नाही.

आणि मागून आवाज आला, "सरका बाजूला."

इंदू. पदर खोचलेला, काठी घरातच राहिलेली. मी "अगं, अगं" करेपर्यंत ती उतार चढून लुगड्यासकट पाण्यात उतरली. सगळे बघत होते. पंत, तात्या, रावसाहेब, काष्टीचे व्यापारी. तिचं कोणाकडे लक्षच नव्हतं.

"ए बये! ऊठ! माझ्या पाण्यात बसतीस व्हय गं? ऊठ!" तिच्या तोंडी नेवाशाची बोली मी पहिल्यांदा ऐकली. तिने म्हशीच्या तोंडावर पाणी मारलं, कान धरला, मागे जाऊन खांदा लावला, दोन्ही पायांनी रेटा दिला. म्हैस फुरफुरली. उठली. वळली. आणि वळताना तिचं शिंग कॅनव्हासमध्ये शिरलं.

पुढचं एका दमात झालं. टर्रकन आवाज आला, दगड ढासळले, आणि वरचं सगळं पाणी उताराने रावसाहेबांच्या अंगावर गेलं. म्हैस त्याच वाटेने शांतपणे बाहेर पडली. रावसाहेब कमरेपर्यंत भिजून उभे होते. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या.

"साहेब," मी म्हणालो, "तात्पुरता होता."

रावसाहेबांनी टेप गुंडाळला आणि चपलांतून पाण्याचा आवाज करीत सायकलकडे गेले. गहिनीनाथ कधीच रस्त्याला लागला होता. मी धावत इंदूला काठावर ओढून घेतलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला मात्र रडूच यायला लागलं. संपलं की सगळं! हौद फाटला, कडबा विखुरला, पाऊस चार दिवसांवर, आणि बायकोला दिलेला शब्द असा चिखलात गेला. मी लिंबाला टेकून उभा राहिलो.

"बघत काय उभे राहिलात?" इंदू ओरडली. "अबोली वाहून चाललीय! ते बूट आणा इकडे आधी!"

बूट अळूच्या वाफ्यात जाऊन लोळत होते. मी दोन काखेत मारले आणि वळलो. इंदू अबोलीची रोपं चिखलातून वेचत होती. एकेक रोप उचलायचं, मुळांना माती लावायची, बाजूला ठेवायचं. तिच्या ओल्या लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता. ती जमिनीवर उकिडवी बसली होती.

मला वाटतं तात्यांच्या आधी लक्षात आलं असावं, कारण ते पेंढी हातात धरून तिच्याकडेच बघत होते. गच्चीवरून पंत काही बोलणार होते, मी त्यांना हातानेच थांबवलं. बूट माझ्या काखेतून पडले.

"इंदू," मी म्हणालो, "तू खाली बसलीयेस."

"मग? रोपं काय टेबलावर घेऊन वेचू?" ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला. तिने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या गुडघ्याकडे. मग दोन्ही तळवे चिखलात टेकवून ती हळूच मागे सरकली, आणि त्या राडीत, सगळ्या सावेडीसमोर, चक्क मांडी घालून बसली.

मी हात पुढे केला, "चल, ऊठ, गारठशील."

"थांबा हो," इंदू म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "जरा बसू द्या मला."